बिझनेस सिम्युलेशन गेममधून नोकरीची कौशल्यं: वर्गात खेळ बसवण्याची पूर्ण पद्धत

धंद्याचा खेळ, म्हणजे संघांनी काल्पनिक कंपन्या चालवायच्या आणि दर फेरीला किंमत, उत्पादन, जाहिरात असे निर्णय घ्यायचे, तो वर्गात आणणं ही जुनी कल्पना आहे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५६-५७ च्या सुमारास व्यवस्थापकांसाठी संगणकावर चालणारा निर्णयांचा खेळ सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत विद्यापीठांनी तो प्रकार उचलला. आज अशा खेळांना तोटा नाही. तरीही अनेक ठिकाणी सत्र संपतं, मुलांना मजा आलेली असते, पण मुलाखतीत “यातून काय शिकलात?” असं विचारलं की उत्तर येतं, “टीमवर्क.” दोष खेळाचा नसतो. फेरी सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर जे करायला हवं, ते राहून गेलेलं असतं. या लेखात म्हणूनच सॉफ्टवेअरपेक्षा त्या दोन टोकांवर जास्त भर आहे.

आधी कौशल्य, मग खेळ

“नेतृत्व”, “संवादकौशल्य”, “समस्या सोडवणं” असे शब्द अभ्यासक्रमाच्या कागदावर शोभतात, पण ते मोजता येत नाहीत. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल असं वर्तन लिहा. उदाहरणार्थ:

- विक्रीचा अंदाज आकड्यात मांडतो, आणि तो चुकला तर किती व का चुकला हे सांगतो.
- नफा आणि रोख यांतला फरक स्वतःच्या कंपनीच्या आकड्यांवरून समजावतो.
- सहकाऱ्याच्या प्रस्तावाला आकडा दाखवून विरोध करतो, आणि निर्णय उलट झाला तरी तो अमलात आणतो.
- आपलं काम दुसऱ्याकडे सोपवताना एका पानात पूर्ण माहिती देतो.

एका सत्राला अशी तीन वर्तनं पुरतात. पाच-सहा धरली की एकाकडेही नीट लक्ष जात नाही.

मग खेळ निवडा. संपूर्ण कंपनी चालवण्याचे खेळ (कॅपस्टोन हे ओळखीचं नाव) शेवटच्या वर्षाला शोभतात, कारण त्यात उत्पादन, मार्केटिंग, वित्त सगळं एकत्र येतं. मार्कस्ट्रॅटसारखे खेळ मार्केटिंगच्या डावपेचांवर भर देतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मात्र टेबलावर खेळायचा बिअर गेम बरा. त्याबद्दल पुढे येईलच. विकत घेण्याआधी पुरवठादाराला चार प्रश्न विचारा. बाजाराची परिस्थिती दर तुकडीला बदलता येते का? (नाही तर गेल्या वर्षीची उत्तरं याही वर्षी फिरतात.) चुकून दाबलेली फेरी मागे नेता येते का? सगळा डेटा स्प्रेडशीटमध्ये उतरवता येतो का? मोबाइलवर नुसता अहवाल दिसतो, की निर्णयही भरता येतो?

पैसे नसतील तर स्प्रेडशीटवरचा खेळ

पाच संघांचा साधा खेळ शिक्षकाला एका दिवसात बांधता येतो. एकूण बाजार दर फेरीला ५,००० नग धरा. एका नगाचा बदलता खर्च (एक जादा नग बनवायला लागणारा खर्च) खेळातल्या चलनात ६०, आणि सुरुवातीची किंमत १००. प्रत्येक संघाचं आकर्षण असं काढा:

आकर्षण = (१०० ÷ किंमत)³ × (जाहिरात खर्च ÷ १०,०००) चं वर्गमूळ

संघाचं आकर्षण भागिले सगळ्या संघांच्या आकर्षणांची बेरीज, म्हणजे त्याचा बाजारहिस्सा. वर्गमुळामुळे जाहिरात दुप्पट केली तरी आकर्षण १.४१ पटच वाढतं. प्रत्यक्ष बाजारातही पुढचा प्रत्येक पैसा आधीच्यापेक्षा कमी काम करतो, तेच इथे दिसतं. घात ३ ठेवण्यामागेही कारण आहे. पाच संघ असताना घात २ ठेवला तर किंमत १६० च्या आसपास नेणं फायद्याचं ठरतं आणि सगळेच वर चढतात. ३ ठेवला की फायद्याची किंमत १०० च्या जवळपास राहते.

या सूत्रातून पहिला धडा आपोआप मिळतो. सगळ्यांची किंमत १०० आणि जाहिरात सारखी असताना एका संघाने किंमत ९० केली, तर त्याचं आकर्षण १.३७ पट होतं आणि हिस्सा २० टक्क्यांवरून साधारण २५.५ वर जातो. विक्री १,००० वरून १,२७७ नगांवर पोचते आणि संघ खूश होतो. पण एका नगामागे आता ४० ऐवजी ३० सुटतात, म्हणून एकूण मिळकत ४०,००० वरून सुमारे ३८,३०० वर येते. पुढच्या फेरीत बाकीच्या चौघांनीही किंमत ९० केली की सगळे परत १,००० नगांवर, पण ३०,००० मिळकतीवर. हे पुस्तकातून सांगितलं तर मान डोलते. स्वतःच्या कंपनीचं झालं की झोप उडते.

दोन पळवाटा आधीच बुजवा. किंमतीला खालची आणि वरची मर्यादा घाला, नाहीतर कुणीतरी किंमत १ ठेवून सगळा बाजार उचलतो. जाहिरातीलाही किमान खर्च ठेवा, कारण शून्य खर्चाला हिस्साही शून्य होतो आणि तो संघ खेळातूनच बाहेर पडतो.

वेळापत्रक

आठ फेऱ्या, पाच ते सहा आठवडे, आणि सुरुवातीला गुणांत न धरलेल्या दोन सराव फेऱ्या. सहापेक्षा कमी फेऱ्यांत चूक दुरुस्त करून तिचं फळ पाहायला वेळ उरत नाही. दहाच्या पुढे बहुतेक संघ यांत्रिकपणे आकडे भरू लागतात. खेळाच्या प्रत्येक तासामागे चर्चेचा किमान अर्धा तास आधीच वेळापत्रकात घाला. “वेळ उरला तर चर्चा करू” म्हटलं की वेळ उरत नाही.

निर्णय भरण्याची मुदत दिवसाची ठेवा, मध्यरात्रीची नको. मध्यरात्रीच्या मुदतीत शेवटी एकच विद्यार्थी जागा असतो आणि चौघांच्या वतीने तोच आकडे टाकतो.

संघ आणि भूमिका

चौघांचा संघ सर्वांत बरा. सहा झाले की दोघं प्रेक्षक होतात. मित्रांना आपापले संघ करू देऊ नका. हिशेबाची समज असलेला आणि स्प्रेडशीट येणारा एकेक जण प्रत्येक संघात जाईल अशी वाटणी करा. भूमिका अशा: वित्त, उत्पादन, मार्केटिंग, आणि चौथा तपासनीस. तपासनिसाचं काम नोंदी ठेवणं आणि प्रत्येक मोठ्या निर्णयाविरुद्ध निदान एक मुद्दा आकड्यासह मांडणं. विरोध हे त्याचं नेमून दिलेलं काम असल्यामुळे तो वैयक्तिक वाटत नाही. एरवी ज्याचा आवाज मोठा, त्याचा अंदाज खरा मानला जातो.

चौथ्या फेरीनंतर सगळ्यांच्या भूमिका बदला. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी एक पान लिहायचं: सध्याची स्थिती, चालू कर्ज आणि त्याची मुदत, अर्धवट राहिलेले निर्णय, स्वतःला खटकणाऱ्या दोन गोष्टी. नव्या माणसाने तेवढ्या पानावर पाचवी फेरी खेळायची. नोकरीत पहिल्याच वर्षी लागणारं हे कौशल्य कॉलेजात सहसा कुणी शिकवत नाही. पाचव्या फेरीत बहुतेक संघांची कामगिरी घसरते, आणि ती घसरायलाच हवी. कुणाच्या डोक्यात काय अडकून राहिलं होतं, ते तेव्हाच उघडं पडतं.

सराव फेऱ्या: एक नीट, एक मुद्दाम बुडवायला

पहिल्या सराव फेरीत खेळाचे स्क्रीन आणि अहवाल ओळखून घ्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येक संघाला सांगा, “कंपनी बुडवून दाखवा.” कुणी क्षमता तिप्पट करतो, कुणी जाहिरातीवर सगळी रोख उधळतो. यातून खेळाच्या कडा कळतात आणि चुकीची भीती जाते. या फेरीनंतर आकडे शून्यावर आणायला विसरू नका.

निर्णयवही

एकच साधन ठेवता येणार असेल, तर हे ठेवा. प्रत्येक फेरीत निर्णय पाठवण्याआधी संघाने पाच रकाने भरायचे: निर्णय, अपेक्षित आकडा, कारण, कुणाचा काय विरोध होता, आणि प्रत्यक्ष आकडा. शेवटचा रकाना निकालानंतर भरायचा. पहिले चार मुदतीनंतर बंद.

नमुना नोंद अशी: “किंमत १०० वरून ९६. अपेक्षित विक्री १,१००. कारण: दोन स्पर्धकांचा माल गेल्या फेरीत संपला होता, त्यांचे ग्राहक आपल्याकडे वळतील. विरोध: त्यांनी क्षमता वाढवली असेल तर ते ग्राहक परत जातील. प्रत्यक्ष: ९४०.”

विरोध करणारा बरोबर होता, हे आता कागदावर आहे. वही नसती तर तिसऱ्या दिवशी चौघंही “आपल्याला हे माहीतच होतं” म्हणाले असते. निकाल कळल्यावर माणूस आपला आधीचा अंदाज नकळत बदलून आठवतो. त्यावर आधी लिहून ठेवण्याइतका सोपा इलाज नाही. चॅटबॉटला विचारून आकडे भरण्याच्या सवयीलाही याच वहीने काहीसा आळा बसतो. चॅटबॉटला या खेळाची आतली सूत्रं ठाऊक नसतात आणि कारणाच्या रकान्यात सर्वसाधारण वाक्य आलं की ते लगेच ओळखू येतं.

एक फेरी कशी खेळायची

क्रम पाळायला लावा: विक्रीचा अंदाज, मग उत्पादन, मग क्षमता, मग रोख. नवखे संघ उलट जातात. आधी नवं यंत्र घेतात आणि मग त्याला साजेसा अंदाज शोधतात.

समजा अंदाज १,१०० नगांचा आहे, सुरक्षित साठा १० टक्के, म्हणजे ११०, आणि गोदामात १५० नग पडून आहेत. उत्पादन १,१०० + ११० − १५० = १,०६०. एका पाळीची क्षमता १,००० असेल तर ६० नग जादा वेळेत, जादा मजुरीने काढावे लागतील. आता दोन्ही टोकं तपासा. मागणी ८०० च निघाली तर ४१० नग उरतात आणि ६० च्या भावाने २४,६०० चलन साठ्यात अडकतं. मागणी १,२५० निघाली तर आपल्याकडे एकूण १,२१०; ४० ग्राहक परत जातात आणि ४० × ४० = १,६०० ची मिळकत हुकते.

इथे हमखास गल्लत होते. २४,६०० आणि १,६०० यांची सरळ तुलना करायची नसते. पहिली रक्कम अडकलेली आहे, बुडालेली नाही. तोटा फक्त ती सांभाळण्याच्या खर्चाचा. तो १२ टक्के धरला तर २,९५२. पण त्या २४,६०० वाचून पुढच्या फेरीचा पगार निघणार नसेल, तर प्रश्न तोट्याचा नसून तग धरण्याचा होतो. बऱ्याच खेळांत रोख शून्याखाली गेली की प्रोग्राम आपोआप चढ्या व्याजाचं तातडीचं कर्ज देतो. नफा दाखवणारा संघ या कर्जात सापडला की पहिली तक्रार येते: “सॉफ्टवेअर चुकलंय.” चुकलेलं नसतं. नफा उधारीत आणि साठ्यात बसलेला असतो, किंवा यंत्र अल्पमुदतीच्या कर्जावर घेतलेलं असतं आणि ते फेडायची वेळ आलेली असते. तक्रार ऐकून घ्या, रोखप्रवाह पत्रक उघडायला लावा, आणि रोख कुठल्या ओळीत गेली हे त्यांनाच शोधू द्या.

फेऱ्या चालू असताना शिक्षकाने काय करायचं

उत्तर देऊ नका. “हा आकडा कुठून आला?” आणि “तो चुकला तर काय कराल?” एवढे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चालतात.

तिसऱ्या फेरीनंतर अडथळे टाका: कच्चा माल उशिरा येतोय असं पत्र, मुदतीच्या दोन तास आधी, किंवा वित्त पाहणारा या फेरीत रजेवर. पहिल्या दोन फेऱ्यांत असलं काही नको, कारण तेव्हा खेळाचा गोंधळच पुरेसा असतो. अडथळा सगळ्या संघांना सारखा द्या, नाहीतर तक्रारींतच आठवडा जातो.

एखादा संघ तिसऱ्या-चौथ्या फेरीतच खोलात जातो: कर्ज, व्याज, त्यासाठी किंमतकपात, आणखी कर्ज. त्याचे आकडे पुसून नवी सुरुवात देणं सोपं वाटतं, पण तसं करू नका. त्यांच्याकडून एका पानाची सुधार-योजना घ्या: काय विकणार, कोणता माल बंद करणार, किती फेऱ्यांत रोख शून्याच्या वर आणणार. योजना पटली तर बँक म्हणून कमी व्याजाचं कर्ज मंजूर करा. मुलाखतीत सांगण्याजोगी सर्वांत चांगली गोष्ट बहुधा याच संघाकडे जमते.

चर्चा: बिअर गेमचं उदाहरण

१९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात घडलेला हा खेळ चर्चा कशी घ्यावी याचा वस्तुपाठ आहे. चार जागा: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. त्यांनी आपसांत बोलायचं नाही. फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे जातात आणि माल उशिराने मागे येतो. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४. पाचव्या आठवड्यापासून ८, आणि पुढे तशीच. उरलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा, न पुरवलेल्या पेटीला एक असा खर्च. पन्नास आठवडे खेळायचं असं सांगून छत्तिसाव्याच्या आसपास थांबवा, म्हणजे शेवट जवळ आला म्हणून कुणी साठा रिकामा करत बसणार नाही. पेटीत काय आहे याला महत्त्व नाही. हवा तो माल धरा.

थांबल्यावर लगेच निकाल दाखवू नका. किरकोळ विक्रेता सोडून बाकी तिघांना ग्राहकाच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढायला सांगा. बहुतेक जण मोठी चढउतार होणारी लाट काढतात. मग खरी मागणी दाखवा: एकच पायरी, ४ वरून ८. कारखान्याच्या ऑर्डरी मात्र कधीकधी तिसाच्याही वर गेलेल्या असतात. वर्गात शांतता पसरते. या वाढत जाणाऱ्या चढउताराला बुलव्हिप परिणाम म्हणतात. त्याची मुळं खेळाडूंच्या मूर्खपणात शोधू नका. माल उशिरा येतो, वाटेत असलेला माल हिशेबात धरायचा राहून जातो, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याची ऑर्डर हीच खरी मागणी वाटते.

कुठल्याही खेळाच्या चर्चेला हाच क्रम लावा. काय झालं, काय अपेक्षित होतं (वही उघडून), फरक कशामुळे पडला, आणि असं आणखी कुठे घडतं. पहिला प्रश्न सोडून थेट चौथ्यावर उडी मारली की मुलं शिक्षकाला आवडेल ते बोलतात. मधल्या चर्चेला पाऊण तास द्या, शेवटच्या चर्चेला दीड. बोलण्याची सुरुवात हरलेल्या संघापासून करा. जिंकलेला आधी बोलला की त्याचा डावपेच हेच “बरोबर उत्तर” होऊन बसतं, मग त्यात नशिबाचा वाटा कितीही असो.

गुण

क्रमांकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त गुण देऊ नका. जास्त दिले की शेवटच्या फेरीत संघ संशोधन बंद करतात, यंत्रं विकतात, जाहिरात शून्यावर आणतात, कारण उद्या नाहीच. शेवटची फेरी कोणती हे न सांगणं, किंवा अंतिम मोजणीत यंत्रं, साठा आणि कर्ज यांचं मूल्य धरणं, हे दोन उपाय चालतात.

बाकीची वाटणी साधारण अशी: निर्णयवही २५, अंदाजाची अचूकता १५, भूमिका सोपवण्याचं पान १०, संचालक मंडळापुढे असल्यासारखं अंतिम सादरीकरण १५, वैयक्तिक लेखी मनन १५, सहकाऱ्यांचं मूल्यमापन १०. अंदाजाची चूक म्हणजे अंदाज आणि मागणी यांतला फरक भागिले मागणी. विक्री धरू नका, मागणीच धरा. विक्री धरली तर कमी अंदाज करून कमी माल बनवणारा संघ, माल संपला तरी, अचूक ठरतो.

सहकाऱ्यांचं मूल्यमापन दोनदा घ्या, चौथ्या आणि आठव्या फेरीनंतर. प्रत्येकाने १०० गुण स्वतःला वगळून बाकी तिघांत वाटायचे आणि प्रत्येकापुढे एक घटना लिहायची. फक्त शेवटी घेतलं तर काम टाळणाऱ्याला सुधारायची संधीच मिळत नाही, आणि राग मात्र सगळा एकदम बाहेर येतो.

मुलाखतीपर्यंत

सत्राचा शेवटचा आठवडा यासाठी राखून ठेवा. परिचयपत्रात “बिझनेस सिम्युलेशनमध्ये भाग घेतला, दुसरा क्रमांक” ही ओळ काहीच सांगत नाही. त्याऐवजी: “आठ फेऱ्यांच्या सिम्युलेशनमध्ये वित्त विभाग सांभाळला, मागणीच्या अंदाजातली चूक २२ टक्क्यांवरून ९ वर आणली, चौथ्या फेरीतलं तातडीचं कर्ज दोन फेऱ्यांत फेडलं.” आकडे निर्णयवहीतूनच यायला हवेत. सिम्युलेशन हा शब्द गाळून ते खऱ्या कामासारखं भासवणं चालणार नाही. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

मग जोडीजोडीने सराव मुलाखती, प्रत्येकी दहा मिनिटं. विचारणाऱ्याच्या हातात समोरच्याची निर्णयवही द्या आणि तीन प्रश्न ठरवून द्या. कोणता अंदाज सर्वांत जास्त चुकला आणि का? तुमचा विरोध डावलला गेला तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि “हा खेळच होता ना, खरे पैसे कुठे होते?” तिसऱ्या प्रश्नाला बचावाचं भाषण नको. पैसे खोटे होते हे मान्य करून पुढे अंदाज कसा बांधला, कोणता आकडा पाहून निर्णय बदलला, आणि तीच पद्धत या नोकरीतल्या कोणत्या कामाला लावता येईल, एवढं दोन मिनिटांत सांगता येईपर्यंत सराव घ्या. पहिल्या खेपेला बहुतेकांना पाच मिनिटं लागतात आणि त्यातली तीन खेळाचे नियम समजावण्यात जातात. आधी कात्री तिथे लावा.